जयरामबाबांचं 'आयलें'

धारगळच्या तिठ्यावर सकाळी डिचोलीच्या बसची वाट बघत आम्ही उभे असायचो. कुणाच्या हातात उंड्यांची, म्हणजे गोल पावांची पिशवी, कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी. अशात मागून खणखणीत आवाज यायचा, "आयलें!" की सगळे सामान उचलून रस्त्याकडे धावले. रस्ता मोकळा. मागे वळून बघावं तर चिऱ्याच्या खरखरीत भिंतीला पाठ लावून जयरामबाब उभे. एक बोट वर, डोळे अर्धवट मिटलेले. बस असती तर 'आयली' म्हटलं असतं, 'आयलें' नव्हे. पण बस पकडायच्या घाईत व्याकरण कोण बघतो? एखादा नवखा विचारायचा, "कितें आयलें?" आणि आमच्यातला कुणीतरी पाटी परत खाली ठेवत सांगायचा, "बस न्हय रे. ताची खाज."

जयरामबाब वीज खात्यात लायनमन होते आणि माझे सख्खे शेजारी. त्यांचं परस आणि माझं परस यांच्यामध्ये एक दगडी गडगा. तो इतका बुटका की त्यांच्या घरात काय शिजतंय ते मला कळायचं आणि माझ्या घरात काय करपलंय ते त्यांना. मी डिचोलीला एका खाणीच्या कचेरीत कारकून. मला मुळातच माणसाने आपल्या दुखण्याचं कौतुक सांगितलेलं खपत नाही. दुखतंय तर दुखू दे, चार लोकांना कशाला? अशा माणसाच्या शेजारी देवाने जयरामबाब आणून ठेवले, यात देवाचा काहीतरी हेतू असणार.

तर ही खाज. खाज म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. अंगावर काही दिसायचं नाही. पुळी नाही, चट्टा नाही, गजकर्ण नाही, घामोळंसुद्धा नाही. पण दिवसातून केव्हाही, कुठेही चुणचुणायला लागायचं. त्यांनी तिच्या जाती पाडल्या होत्या. चालत गेल्यासारखी वाटली तर 'मुंगी'. टोचली तर 'कुसळ'. फुटणाऱ्या बुडबुड्यांसारखी असली तर 'सोडा'. आणि जळजळली तर 'मिरसांग', म्हणजे मिरची. मिरसांगेच्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलायला जायचं नाही.

जाती झाल्या, मग ठिकाणं. लायनमन माणूस, त्याला सगळीकडे गावोगाव वीज नेणारे फीडर दिसायचे. डोकं म्हणजे पेडणें. पोट म्हणजे धारगळ. तळपाय म्हणजे हरमल, कारण त्यापुढे जमीन संपते. आणि पाठीच्या बरोबर मध्यावर, जिथे वरून हात पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही, ती जागा म्हणजे वाळपई. मध्यंतरी त्यांची बदली वाळपईला झाली होती आणि तिथून घरी यायचं म्हणजे दोन बस बदलून अर्धा दिवस मोडायचा, त्याचा हा राग. "अनंता, आज वाळपयेक सोडा आयला रे," असं त्यांनी गडग्यावरून सांगितलं की माझ्याकडे आलेला पाहुणा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

वाळपईसाठी त्यांनी काय काय वापरलं नाही? फणी झाली, काथ्या झाला, मोजपट्टी झाली. एकदा पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, कडकडीत वाळलेलं काकण, बांगडीसारखा गोल पाव, आणलं, ते पाठीत मोडलं आणि दिवसभर सदऱ्यातून पावाचा चुरा गळत राहिला. शेवटी हाताला लागली करटीची डवली. लांब दांडा, पुढे करवंटीची गोल कड. जयरामबाब म्हणायचे की ही वस्तू ज्याने केली त्याला आमटी वाढायची नव्हतीच.

"ह्याच डवलेन तुमका हुमण वाडूं?" आतून शेवंतीवहिनी ओरडायच्या.

शेवंतीवहिनी म्हणजे जयरामबाबांची बायको. त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. विहीर, गोठा, परसातली मिरची, चूल, परत विहीर. बोलायच्या त्याही चालता चालता. वाक्याचा अर्धा भाग माझ्या परसात ऐकू यायचा आणि उरलेला अर्धा पलीकडच्या घरात. "पाठ खाजय गो," असं नवऱ्याने म्हटलं की त्या जाता जाता कोपर मारल्यासारखं काहीतरी करायच्या आणि पुढे निघायच्या. तेव्हा गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं, राजभाषेचा कायदाही झाला होता. वहिनी म्हणायच्या, "राज्य मेळ्ळें, भास मेळ्ळी, म्हजे डवलेक मात विसव मेळूंक ना."

गावात प्रत्येकाकडे या खाजेचं कारण तयार होतं. कुणी म्हणे, कुणाची तरी नजर. कुणी म्हणे, सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोड. त्यांच्याच खात्यातल्या लोकांचं म्हणणं असं की एवढी वर्षं खांबावर काढली, थोडा करंट अंगात राहून गेला असणार. एके दिवशी तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात त्यांनी जयरामबाबांच्या कोपराला खरोखरच टेस्टर लावून बघितला. सगळं दुकान वाकून बघत होतं. टेस्टर पेटला नाही. सगळे हसले, पण जयरामबाबांचा चेहरा पडला. निदान तेवढा पुरावा मिळाला असता.

म्हापशाला चामडीच्या मोठ्या डॉक्टरकडे मी स्वतः त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर पुण्याकडचा, तरुण, सभ्य. त्याने भिंग लावून दोन्ही हात, पाठ, मान सगळं तपासलं आणि विचारलं, "नेमकं काय होतं? खाज, आग, चुणचुण की मुंग्या?"

"मुंग्यो मंगळारा येतात," जयरामबाब म्हणाले. "आज कुसळ."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शेवटी डॉक्टर म्हणाला, "काका, तुमची त्वचा इतकी छान आहे की वीस वर्षांच्या मुलाची असावी. काळजी करू नका. कधीकधी कारण सापडत नाही." आणि एक मलम लिहून दिलं.

परतीच्या बसमध्ये जयरामबाब खिडकीबाहेर बघत बसले होते. कोलवाळच्या पुलावर म्हणाले, "दोतोरान पास केलो माका." आणि थोड्या वेळाने, "अनंता, बरें जांवचें ना जाल्यारूय चलता. पूण कोणेंतरी खरें मानूंक जाय रे. येक पुळी आयिल्ली जाल्यार दाखयतलों आशिल्लों. घरच्या बायलेक कितें दाखोवं? बोट दाखोवं?"

मी म्हटलं, होय होय, आणि पुढच्या स्टॉपवर चणे घेतले. मला वाईट वाटलं होतं, पण मला तेव्हा असंच वाटत होतं की हे सगळं मनाचं आहे. गावातल्या शहाण्यासुरत्या सगळ्यांना असंच वाटत होतं.

गाव तेव्हा दुसऱ्याच खाजेने हैराण होतं. मराठी की कोंकणी! तिठ्यावर चहाची दोन दुकानं होती, एकात मराठीवाले बसायचे आणि दुसऱ्यात कोंकणीवाले. मराठीवाल्यांचे पुढारी भिकाजी आणि कोंकणीवाल्यांचे पुढारी रोहिदास, दोघे एकमेकांचे साडू, पण वाद पेटल्यापासून बोलणं बंद. गंमत अशी की दोघेही भांडायचे एकाच भाषेत, जी यांच्या मते मराठीची बोली आणि त्यांच्या मते शुद्ध कोंकणी. जयरामबाब दोन्ही दुकानांत जायचे, कारण दोन्हींच्या भिंती चिऱ्याच्या होत्या. त्यांना कुणी विचारलं, तुमचा पक्ष कोणता, तर म्हणायचे, "म्हज्या आंगार जें चलता, ताका तुमच्या दोनूय भाशांनी उतर ना, शब्द ना. तें उतर जो काडटलो, ताच्या पक्षांत हांव."

मग आली जत्रा.

आमच्या रवळनाथाच्या जत्रेत दिवसा आधी गाऱ्हाणं होतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावकऱ्यांतला एक जाणता देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेला सगळा गाव एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणतो. काय म्हटलं ते ऐकायची गरज नसते. सूर खाली आला की म्हणायचं. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं.

आमचं गाऱ्हाणं घालायचे धोंडू गांवकार. वय झालेलं, दात गेलेले, एक कान पूर्ण बंद आणि दुसरा मर्जीचा मालक. पण आवाज असा की घाटापलीकडे ऐकू जावा. जयरामबाबांनी त्या वर्षी ठरवलं की आता डॉक्टर पुरे, देवाच्याच कानावर घालू. नवस साधा होता. खाज गेली तर साऱ्या गावाला खाजें वाटीन. खाजें म्हणजे आमच्या जत्रेतली मिठाई. बेसनाच्या कांड्या गुळात घोळलेल्या, वर आलं आणि तीळ. ती घरी नेल्याशिवाय जत्रा झाली असं आमच्याकडे कुणी मानत नाही. ढोल-ताशांच्या गदारोळात जयरामबाबांनी हे धोंडूच्या चांगल्या कानात तीनदा सांगितलं. धोंडूने तीनदा मान हलवली.

गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुज्या जत्रेच्या दिसा ही सगळी लेकरां तुज्या पायाकडे येकवटान उभी आसत. तेंचा काय चुकला-माकला तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरं झाली, शेतं झाली, मुंबईला गेलेली पोरं झाली, परीक्षा झाल्या. मग धोंडूने जयरामबाबांकडे एक नजर टाकली. "आनी देवा, ह्या तुज्या जयरामाक बरीच वर्षां झाली, आंगाक खाज लागली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा व्हय जरा हसत आला.

"ती खाज..." आणि धोंडू थांबला. पुढचं विसरला. मागून जयरामबाब कुजबुजले, "खाजें! साऱ्या गावाक वाटीन म्हण! खाजें, खाजें!"

धोंडूचा चेहरा उजळला. छाती भरून त्याने आवाज लावला, "ती खाज, देवा, साऱ्या गावाक वाटूंन टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देऊळ दणाणलं. मीही म्हटलं. भिकाजीने म्हटलं, रोहिदासाने म्हटलं, खाजेंवालीने आपल्या दुकानातून म्हटलं. आणि मग शब्द डोक्यात शिरले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हळूच विचारलं, "आमी कितें म्हळें?"

जयरामबाब हात जोडून तसेच उभे होते. "खाजें रे," ते पुटपुटले, "खाजें."

लगेच बैठक बसली. गाऱ्हाणं परत घेता येईल का? धोंडू भडकला. "गाऱ्हाणां म्हणजे काय साडी, रंग आवडलो नाय म्हणान दुकानात परत करूक? देवाक दिलेलो शबुद! आता पालखी घराघरात फिरान परत देवळात बसात, तेवां बघूया." पालखी तर त्याच संध्याकाळी निघायची होती, आणि गाव मोठा.

मी घरी आलो तो हसत. शिकलेला माणूस, डिचोलीला नोकरी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि कॉलरच्या आत, मानेच्या बरोबर मागे, कुणीतरी बारीक पाय टाकत चाललं. मी झटकलं. काही नव्हतं. दुसऱ्या घासाला ते खांद्यावर आलं. मी बायकोकडे पाहिलं. ती डाव्या हाताने कोपर खाजवत होती. "थंडी पडल्या," मी म्हटलं, "आंग फुटता." ती म्हणाली, "तर! थंडीच ती."

दुसऱ्या दिवशी डिचोलीची बस म्हणजे बघण्यासारखी होती. उभी असलेली माणसं दांड्याला पाठ घासत होती, बसलेली सीटला. कंडक्टर तिकीट फाडायचा, मग मान, मग तिकीट. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आतां हात सरकलो जाल्यार कान वतलो." संध्याकाळी देवळात भजन. पखवाजवाल्याचा उजवा हात सारखा पाठीकडे जायचा आणि सम हुकायची. टाळकऱ्यांची तर सोय झाली, ते टाळानेच बगल घासून घ्यायचे. आणि भिकाजी-रोहिदास! दुकानाच्या मागे, आडोशाला, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून दोन साडू वर-खाली होत होते. मी दिसताच थांबले. "कोणाक सांगू नाका," भिकाजी म्हणाला. "मात्शें दाव्यान," म्हणजे जरा डावीकडे, असं रोहिदास त्याला म्हणाला. दीड वर्षातलं पहिलं वाक्य ते.

काही लोक रागावून जयरामबाबांच्या दारात आले. "तुजी खाज परत घे!" असं एकाने अंगणातूनच बजावलं. जयरामबाब बाहेर आले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं घाबरले. त्यांनी त्या माणसाचा हात धरून त्याला सोप्यावर बसवलं आणि विचारलं, "खंय येता?"

"हांगा, पाठीर."

"चलता काय तोंपता?"

तो माणूस विचारात पडला. "तोंपता."

"कुसळ," जयरामबाब म्हणाले. आयुष्यात इतक्या प्रेमाने कुणी 'कुसळ' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आत गेले, खोबरेलात कापूर घालून आणलं आणि त्या माणसाच्या पाठीला गोल गोल लावून दिलं. नखं न लावता, बोटांच्या पेरांनी, थोडं दाबून. "खाजोवं नाका. खाजयलें काय तें खोशी जाता आनी परत येता. फक्त सांगचें, हांव जाणां तूं आसा म्हण. मागीर उगी रावता." तो माणूस भांडायला आला होता ते विसरून गेला. जाताना म्हणाला, "जयराम, तूं हें इतलीं वर्सां कशें सोंसलें रे?"

जयरामबाबांनी उरलेलं तेल एका बाटलीत भरलं. मग बाटली उचलून बाहेर पडले.

पालखी एका वाड्यावर आणि जयरामबाब दुसऱ्यावर, असे दोघे गाव फिरू लागले. कामावरून सुटले की हातात बाटली, खांद्यावर तुवालो. ज्या घरात जायचे त्या घरात लोक वाट बघत असायचे. म्हाताऱ्या बायका पाय पुढे करायच्या. सगळा गाव त्यांचीच भाषा बोलायला लागला. चहाच्या दुकानात, "तुका कितें आयलें?" "माका सोडा. तुका?" "मुंगी, पूण पेडणेंत." वाळपई तर सगळ्यांना एकदम समजली, न शिकवता. माझ्या मानेलाही त्यांनी तेल लावलं. मी संकोचून म्हटलं, "जयरामबाब, हें सगळें मनाचें आसतलें." ते म्हणाले, "आसूं. मन खंय आसता तें म्हाका खंय खबर? लायतां थंय बरें दिसता न्हय?" बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

"तुमची खाज?" मी विचारलं.

"आसा, आसा," ते हसून म्हणाले. "पूण आतां ती येकटी ना."

मग पालखी परत आली. सगळा गाव देवळात जमला, एकही माणूस घरी नव्हता. या वेळी धोंडूकडून गाऱ्हाणं आधी चारचौघांनी घोकून घेतलं होतं. सुरू व्हायच्या आधी जयरामबाब त्याच्याजवळ गेले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "धोंडूमामा, म्हजें नांव काडूं नाका. परत घोंटाळो नाका. गावाचें तितलें सांगा." कुणी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

"गावाक लागलेली खाज, देवा, हयसून काढूंन सात दर्यापलीकडे टाक रे म्हाराजा!"

असा 'व्हय म्हाराजा' आमच्या देवळाने कधी ऐकला नसेल.

आणि गेली. सकाळी उठलो तर मान गप्प. बसमध्ये सगळे सरळ उभे. न्हाव्याने पूर्ण दाढ्या केल्या. भिकाजी आणि रोहिदास आपापल्या दुकानांत परत गेले. बोलणं मात्र सुरू राहिलं. शिव्याच द्यायचे, पण समोरासमोर.

त्या संध्याकाळी जयरामबाब बाटली घेऊन निघालेले मी पाहिले. पहिल्या घरात, "गेली रे, देवाची कृपा." दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात त्यांना चहा दिला, बाटलीकडे कुणी बघितलं नाही. तिठ्यापर्यंत जाऊन ते परत आले आणि गडग्यावर बसले. बाटली जवळजवळ भरलेली होती. "सगळ्यांची गेली," ते म्हणाले. "बरें जालें." खरंच बरं वाटलं असणार त्यांना, तो माणूस तसा होता. पण बाटलीचं बूच ते उगाचच उघडत-लावत राहिले. लोक परत हसायला लागणार होते, आणि दोन दिवसांत लागलेही. तिठ्यावर त्यांनी 'आयलें' म्हटलं की पाट्या परत खाली. "मनाचें रे," आता तर लोक जास्तच खात्रीने म्हणायचे, कारण त्यांनी स्वतः अनुभव घेतला होता ना!

काही दिवसांनी आमचा फ्यूज उडाला म्हणून मी गडगा ओलांडून जयरामबाबांकडे गेलो आणि अंगणातच थबकलो. सोप्यावर शेवंतीवहिनी बसल्या होत्या. कदेलावर, म्हणजे खुर्चीत, पाठ टेकून! पदर खांद्यावरून जरा बाजूला केलेला, आणि मागे उभे राहून जयरामबाब त्यांच्या खांद्याला तेल लावत होते.

"हांगा?"

"न्हय, मात्शें सकयल. हां, थंयच." वहिनींनी मला पाहिलं आणि जरा ओशाळल्या. "गावाची गेली मरे, म्हजी तितली रावली. देवाच्या ध्यानांत येवंक ना आसतली."

"चलता काय तोंपता?" जयरामबाबांनी काळजीने विचारलं.

"दोनूय," वहिनी म्हणाल्या.

फ्यूज नंतर सांगू म्हणून मी परत फिरलो. त्यानंतर रोज दिवेलागणीच्या आधी हा कार्यक्रम दिसायला लागला. विहीर थांबलेली, गोठा थांबलेला, आणि वहिनी कदेलावर. मला वहिनींची काळजी वाटायला लागली. एकाच घरात दोघांना म्हणजे वाईटच. एका रविवारी जयरामबाब गडग्याशी मिरच्या तोडत होते तेव्हा मी विचारलं, "वयनीची खाज कांय वचना दिसता. म्हापशां व्हरूंया?"

जयरामबाबांनी मागे घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला. "तिका खंयची खाज रे?"

"म्हणजे?"

"खरी खाज आसता, तो मनीस तेल लायतना दोळे धांपता." त्यांनी आपले डोळे मिटून दाखवले. "हांव इतल्या लोकांक लावन आयलों, सगळ्यांनी धांपले. तुवेंय धांपिल्ले. हिचे दोळे उकते. चुलीर पेज उतता काय पळयता." ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. "आनी जागोय रोज बदलता. काल सांगिल्लो जागो आज याद आसना तिका. फट मारपाक, खोटें उलोवपाक जमना बाबडेक."

"मागीर तिका सांगनात कित्याक?"

"सांगलें जाल्यार उठतली मरे ती!" ते एकदम म्हणाले. मग हातातली मिरची उलटसुलट करत राहिले. "लग्न जाल्यापसून म्हज्याकडेन अशी बसूंक ना ती केन्नाच. तिका वेळ ना, म्हाकाय ना. आनी अनंता, म्हजें खरें आसा अशें मानलें बगर ती म्हज्याखातीर असली फट मारची ना. मारत?"

मी म्हटलं, "ना. मारची ना."

"तेंच," ते म्हणाले. डोळे पुसायला हात वर नेला आणि हाताला मिरची आहे हे आठवून तसाच खाली घेतला.

इतक्यात सोप्यावरून हाक आली, "आयकलें? खांद्यार ना आज. आज दिंबयेर आयल्या, गुडग्याक!"

जयरामबाबांनी मिरच्यांची पाटी गडग्यावर माझ्यासमोर ठेवून दिली, सदऱ्याला हात पुसले आणि लगबगीने घराकडे निघाले. जाता जाता वळून मला म्हणाले, "गुडग्याक आयल्या, बरें जालें. गुडग्याक लावपाक जादा वेळ लागता."